देवाबद्दल खरं कसं बोलावं: "प्रभूने मला सांगितलं" आणि "देवाची योजना असेल" या दोन वाक्यांबद्दल

ताई, तुमचा प्रश्न परवा रात्री वाचला. लगेच उत्तर लिहिलं नाही, कारण ज्या पटकन दिलेल्या उत्तरांनी तुम्हाला एवढा त्रास झालाय त्यांच्यात माझं एक वाढलं असतं.

ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ताईंचे वडील सात महिन्यांपूर्वी कॅन्सरने गेले. आजारपणात मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, दोघातिघांनी "प्रभूने मला सांगितलंय, ते बरे होणार" असं अगदी ठामपणे सांगितलं होतं आणि ते गेल्यावर तीच माणसं "देवाची योजना होती" म्हणाली. आता येत्या रविवारी ताईंना साक्ष द्यायला, म्हणजे मंडळीपुढे उभं राहून आपला अनुभव सांगायला, सांगितलंय, विषय आहे प्रभूने दुःखात शांती कशी दिली, आणि ती शांती त्यांना अजून मिळालेलीच नाही. त्यात मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीचं मिसकॅरेज झालं, तिच्याशी फोनवर बोलताना ताईंच्याच तोंडून आपसूक निघालं, "देवाची काहीतरी योजना असेल गं", आणि फोन ठेवल्यावर आपण खोटं बोललो असं वाटत राहिलं. हल्ली तर उपासनेत गाणं म्हणतानाही तसंच वाटतं. तर हे खोटं आहे का, आणि असेल तर मग देवाबद्दल काही बोलायचंच नाही का, असा प्रश्न.

मी २६ वर्षं पाळक (पास्टर) आहे, त्यातली बरीचशी वर्षं आठवड्यातले दोन दिवस हॉस्पिटलमध्ये आजारी माणसांना भेटण्यात गेलीत. तिथे जे शिकलो त्यावरून लिहितोय. माझ्यापेक्षा जास्त शिकलेली माणसं हे वेगळ्या पद्धतीने मांडतील, पण प्रश्न रोजच्या बोलण्याचा आहे म्हणून मी रोजच्या बोलण्यातूनच सांगतो.

आधी एक गोष्ट. तुम्ही प्रश्न "माझा विश्वास कमी झालाय का" असा मांडलाय पण मला तो विश्वासाचा वाटत नाही, तो जबाबदारीचा वाटतो. आपण देवाबद्दल बोलतो तेव्हा तीन वेगवेगळ्या प्रकारची वाक्यं एकाच सुरात बोलत असतो. काही गोष्टी वचनात, म्हणजे बायबलमध्ये, स्पष्ट लिहिलेल्या आहेत, काही आपल्याला मनापासून वाटतात किंवा हव्या असतात, आणि काही कुणालाच माहीत नाहीत. तिन्हींच्या पुढे आपण "देवाने", "प्रभूने" लावून टाकतो, आणि ऐकणाऱ्याला तिन्हींचं वजन सारखंच लागतं. तुम्हाला जे टोचतंय ते नेमकं हेच आहे आणि ते टोचणं चांगलं आहे, ते घालवायच्या मागे लागू नका.

"तू आपला देव परमेश्वर ह्याचे नाव व्यर्थ घेऊ नकोस", ही आज्ञा आपण संडेस्कूलपासून पाठ केलेली. लहानपणी मला वाटायचं की देवाची खोटी शपथ घ्यायची नाही, चिडल्यावर देवाचं नाव घ्यायचं नाही, एवढाच तिचा अर्थ. पण तिथे "व्यर्थ" साठी जो हिब्रू शब्द आहे, शाव, त्याचा अर्थ पोकळ, आत काही नसलेलं, खोटं असा होतो, आणि बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात दहा आज्ञा परत येतात तेव्हा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको या आज्ञेतही तोच शब्द आहे. म्हणजे खोटी साक्ष आणि देवाचं नाव पोकळपणे घेणं या दोन गोष्टी शास्त्रात एकमेकींच्या शेजारीच बसतात. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२९ मध्ये घराघरातल्या मुलांसाठी जी छोटी प्रश्नोत्तरी लिहिली तिच्यात या आज्ञेचा अर्थ सांगताना शिव्याशाप आणि जादूटोण्याबरोबर देवाच्या नावाने खोटं बोलणं आणि फसवणं हेही घातलंय. देवाला शिव्या देणारे आपल्या मंडळ्यांत क्वचितच सापडतील. देवाच्या नावावर न सांगितलेलं खपवणारे मात्र आपण सगळेच आहोत, आणि बहुतेक वेळा ते प्रेमापोटी करतो. म्हणून ते पकडता येत नाही.

मला ते कसं कळलं ते सांगतो, सांगायला सोपं नाही तरी सांगतो.

पाळक होऊन पाचसहा वर्षं झाली होती. मंडळीतल्या एका बाईंचा १९ वर्षांचा मुलगा अपघातानंतर आयसीयूत होता, पहिले दोन दिवस शुद्धीत होता, बोलत होता. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो, प्रार्थना केली आणि प्रार्थना संपल्यावर बाहेर कॉरिडॉरमध्ये त्या माऊलीचे हात धरून म्हणालो, "घाबरू नका, प्रभू याला उठवणार आहे, मला आतून तशी खात्री मिळालीय." मी खोटं बोलत नव्हतो. प्रार्थना करताना खरंच छाती भरून आली होती, अंगावर काटा आला होता आणि ती देवाची खूण आहे असं मी धरलं. तिसऱ्या दिवशी त्याला व्हेंटिलेटरवर ठेवलं आणि चौथ्या दिवशी पहाटे तो गेला.

अंत्यविधी मीच केला. त्यानंतर आठ महिने त्या बाई रविवारी यायच्या, शेवटच्या बाकावर बसायच्या आणि उपासना संपायच्या आत निघून जायच्या. मी स्वतःला समजावत राहिलो की दुःख मोठं आहे, वेळ लागेल. शेवटी एक दिवस त्यांच्या घरी गेलो. त्या पलंगावर बसून त्याचे शर्ट घडी करत होत्या, कुणाला तरी द्यायला काढले होते. प्रत्येक शर्टाची सगळी बटणं लावायच्या, मग उलटा ठेवून बाह्या मागे दुमडायच्या, मग हाताने दाबून सपाट करायच्या. मी म्हटलं, "बाई, मी तुम्हाला त्या दिवशी जे सांगितलं ते देवाने सांगितलेलं नव्हतं. ते माझं होतं. मला माफ करा." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, हातातला शर्ट पूर्ण केला. मग म्हणाल्या, "तुम्हाला तसं वाटत होतं, ते मला माहितीये. पण तुम्ही 'मला वाटतं' असं म्हणाला असतात ना, तर मी त्या रात्री घरी आले नसते. तो बोलत होता तेव्हा त्याच्याशी बोलून घेतलं असतं. मी म्हटलं देवाने सांगितलंय, आता घाई कशाला."

त्या वाक्यानंतर माझी बोलायची पद्धत बदलली. तोपर्यंत मला वाटायचं की जास्तीत जास्त काय होईल, माझं चुकेल आणि लोकांचा माझ्यावरचा विश्वास कमी होईल. मी एका आईची शेवटची रात्र काढून घेतली होती, आणि त्यावर सही देवाची केली होती.

आता प्रेषित पौलाकडे बघा, मला या बाबतीत त्याच्याइतकं कुणी शिकवलं नाही. करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ७ व्या अध्यायात लोकांनी त्याला लग्नाबद्दल प्रश्न विचारलेत. १० व्या ओवीत तो म्हणतो, ही आज्ञा मी नाही, प्रभू देतो. १२ व्या ओवीत म्हणतो, बाकीच्यांना मी सांगतो, प्रभू नाही. २५ व्या ओवीत, याबद्दल मला प्रभूची आज्ञा नाही पण माझं मत देतो. आणि अध्याय संपताना, मला वाटतं मलाही देवाचा आत्मा आहे. हा प्रेषित आहे हो! त्याने सगळ्यावर "प्रभू म्हणतो" असा शिक्का मारला असता तर करिंथमध्ये कोण विचारणार होतं? तरी एका अध्यायात चार वेळा थांबून हे कुणाचं आणि ते कुणाचं हे सांगतो. मी वर तीन प्रकारची वाक्यं म्हटलं ती वेगळी ठेवायला यापेक्षा चांगला नमुना मला सापडला नाही. आणि "माझं मत" म्हटल्याने त्याचं बोलणं हलकं झालं नाही, उलट जिथे तो "प्रभू" म्हणतो तिथे आपण सावरून बसतो.

आणि नाथान. दावीद राजा म्हणाला मला देवासाठी मंदिर बांधायचंय, नाथान संदेष्टा तिथल्या तिथे म्हणाला, जे मनात आहे ते कर, परमेश्वर तुझ्याबरोबर आहे. (२ शमुवेल ७.) चांगल्या मनाने म्हणाला, ऐकायलाही छान. त्याच रात्री देवाने त्याला सांगितलं की नाही, तू जाऊन दावीदाला वेगळं सांग. आणि नाथान गेला. राजासमोर जाऊन आपलं आधीचं बोलणं बदललं. मला हा प्रसंग फार जवळचा वाटतो, कारण खऱ्या संदेष्ट्याचंही पहिलं वाक्य त्याचं स्वतःचं असू शकतं हे त्यात आहे, आणि तसं झालं तर परत जायचं असतं हेही आहे. मला परत जायला आठ महिने लागले.

आता ज्या वचनांचा आपण मलमपट्टीसारखा वापर करतो त्यांच्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या आजारपणात व्हॉट्सअ‍ॅपवर यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ हे वचन किती जणांनी पाठवलं याची मोजदाद नाही, फुलांच्या फोटोवर, सूर्योदयाच्या फोटोवर. "तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो", हे वचन खरं आहे, मी स्वतः त्यावर टेकून दिवस काढलेत, पण ते कुणाला लिहिलं होतं ते बघा. बाबेलला (बॅबिलोनला) कैद करून नेलेल्या यहूदी लोकांना लिहिलेलं पत्र आहे ते. त्याच्या आदल्याच ओवीत लिहिलंय की ७० वर्षं पूर्ण झाल्यावर मी तुमच्याकडे येईन. सत्तर! म्हणजे पत्र ऐकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बहुतेकांना घर परत दिसणार नव्हतं. त्यांना सांगितलं काय, तर घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्यासाठी प्रार्थना करा.

आणि त्याच्या आधीचा, २८ वा अध्याय वाचल्याशिवाय २९ वा कळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात, याजकांसमोर आणि सगळ्या लोकांसमोर उभा राहून म्हणतो, परमेश्वर असं म्हणतो, दोन वर्षांत सगळं परत येईल, मंदिरातून नेलेली भांडी परत, माणसं परत. यिर्मया काय म्हणतो? "आमेन, परमेश्वर असंच करो." हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याला हनन्याचा राग नाही आला, त्यालाही तेच हवं होतं! हवं असणं आणि देवाने सांगितलेलं असणं यातला फरक त्याला माहीत होता, एवढंच. मग यिर्मयाने बाबेलच्या गुलामीची खूण म्हणून मानेवर घातलेलं लाकडी जू हनन्याने काढून मोडलं आणि यिर्मया गप्प निघून गेला. वाद घातला नाही, कारण त्या क्षणी त्याच्याकडे नवीन शब्द नव्हता. तो शब्द नंतर आला, तेव्हा जाऊन बोलला. तुमच्या घरी येऊन "बरे होणार" म्हणणाऱ्यांबद्दल विचार करताना मला हेच आठवलं. त्यांची इच्छा चांगली होती, त्या इच्छेला तुम्हीही आमेन म्हणालात, चुकलं काय तर इच्छेपुढे "परमेश्वर म्हणतो" लावलं.

"देव सोसण्यापलीकडे ओझं देत नाही" याचंही तसंच. १ करिंथ १०:१३ मोहात पडण्याबद्दल आहे, आजारपण आणि मरणाच्या ओझ्याबद्दल नाही. त्याच करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात पौल लिहितो की आमच्यावर शक्तीपलीकडे भार पडला, इतका की जगायचीही आशा सोडली. म्हणजे शक्तीपलीकडे भार येतो. दुःखातल्या माणसाला "तुला झेपेल म्हणूनच दिलंय" म्हणणं म्हणजे तो कोसळला तर दोष परत त्याचाच.

आणि "योजना". रोमकरांस ८:२८ म्हणतं की देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. त्यात असं म्हटलेलं नाही की घडलेली प्रत्येक गोष्ट चांगली आहे, किंवा ती का घडली हे आपल्याला कळेल, किंवा ते दुःखातल्या माणसाला पहिल्या आठवड्यात फोनवर सांगावं. दोनच ओव्या आधी लिहिलंय की कशासाठी प्रार्थना करावी हेही आपल्याला कळत नाही आणि आत्मा स्वतः कण्हून आपल्यासाठी मध्यस्थी करतो. मैत्रिणीसाठी मी ती २६ वी ओवी घेतली असती. देव सगळ्यातून भलं काढू शकतो हे मी मानतो, मनापासून मानतो. पण या बाळाचं जाणं योजनेत कुठे बसतं, हे मला कुणी सांगितलेलं नाही, तुम्हालाही नाही. म्हणून "खोटं आहे का" या तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की तुम्ही फसवायला बोलला नाहीत, पण जे माहीत नव्हतं ते माहीत असल्यासारखं बोललात. तुमचं मन त्यालाच खोटं म्हणालं आणि बरोबर म्हणालं. येशूला शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल विचारलं की पाप कुणाचं, याचं की आईबापांचं, तेव्हा त्याने दोन्ही उत्तरं नाकारली. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली, तेव्हाही ती जास्त पापी होती का म्हणून विचारून स्वतःच नाही म्हणाला. आणि मेलेल्या लाजराच्या कबरेकडे जाताना, पुढे आपण त्याला उठवणार आहोत हे माहीत असूनसुद्धा, "येशू रडला".

मुलंबाळं, संपत्ती, तब्येत सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र तर यातलं सगळ्यात मोठं उदाहरण. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढंच त्यांचं बरोबर होतं. मग तोंड उघडलं आणि अध्यायांमागून अध्याय देवाची बाजू मांडली. सुटी वाक्यं घेतली तर बरीचशी चांगली आहेत, लोक ती फ्रेम करून लावतात. ईयोब त्यांना १३ व्या अध्यायात विचारतो, देवाची बाजू घ्यायला तुम्ही खोटं बोलणार का? म्हणजे देवाचा बचाव करण्यासाठीसुद्धा खोटं चालत नाही. शेवटी देव त्या मित्रांपैकी अलीफजाला म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. ईयोबाने काय काय बोलून ठेवलं होतं ते आठवा, जन्मदिवसाला शाप दिला, देवाला कोर्टात खेचण्याची भाषा केली. पण तो देवा*शी* बोलत होता, आणि जे आत होतं तेच बाहेर काढत होता. तुम्ही सात महिने रात्री उशीत तोंड घालून जे काही देवाला बोलला असाल ते कदाचित तुम्ही म्हटलेल्या कुठल्याही साक्षीपेक्षा जास्त खरं असेल.

मग बोलायचंच नाही का? नाही, असं अजिबात नाही. गप्प बसण्याला मी खरेपणा म्हणत नाही, तोही कधीकधी पळ असतो. योहानाच्या ९ व्या अध्यायातल्या त्याच आंधळ्या माणसाला, डोळे आल्यावर, परुशी, म्हणजे तेव्हाचे कडक धर्मपुढारी, धारेवर धरतात, तो येशू पापी आहे हे कबूल कर म्हणतात. तो म्हणतो, तो पापी आहे की नाही मला माहीत नाही, मला एक माहीत आहे, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं. एका वाक्यात "माहीत नाही" पण आहे आणि "माहीत आहे" पण आहे. मंडळीत साक्ष द्यायला येणाऱ्यांना मी आधी हा अध्याय वाचायला देतो. मग त्यांची साक्ष ऐकतो आणि फक्त एक विचारतो, हे घडलं, का नंतर तसं वाटलं? दोन्ही सांगा, पण वेगळं सांगा. बरेच जण साक्षीतून डॉक्टरांची ट्रीटमेंट गाळतात, सहा महिन्यांच्या गोळ्या गाळतात, म्हणजे देवाचा महिमा जास्त दिसेल. देवाच्या महिम्याला आपण कापलेल्या गोष्टींची गरज नाही. आणि मागच्या बाकावर कुणीतरी बसलेलं असतं ज्याच्या घरी गोळ्या घेऊनही गुण आला नाही, ते ऐकतं आणि समजतं की आपलाच विश्वास कमी पडला.

पौलाच्या पत्रांतच बघा ना, त्याचा सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आला आणि पौल म्हणतो देवाने त्याच्यावर दया केली, माझ्यावरही केली. आणि २ तीमथ्याच्या शेवटी एका ओवीत, त्रफिमाला, म्हणजे दुसऱ्या एका सोबत्याला, मी मिलेत शहरात आजारी असतानाच मागे ठेवलं. का बरा झाला नाही, काही स्पष्टीकरण नाही, विश्वास कमी होता असं नाही, योजना होती असंही नाही. फक्त, आजारी होता, मागे ठेवलं. ज्या पौलाच्या हातून लोक बरे झाले त्यानेच हेही लिहून ठेवलं.

गाण्याबद्दल तुम्ही विचारलंय, ते वेगळं आहे, त्यात स्वतःला अपराधी धरू नका. "प्रभू माझा मेंढपाळ आहे" म्हणताना तुम्ही आज सकाळी मला कसं वाटतंय याचा रिपोर्ट देत नसता, हजारो वर्षं लोक ज्याला धरून उभे राहिले त्याला तुम्हीही हात लावत असता, आत काही जाणवत नसलं तरी. ते शब्द उसने घेण्यासाठीच आहेत. ज्या मुलाच्या बापाने येशूला म्हटलं की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा, त्याचं दोन्ही एका दमात होतं आणि येशूने त्याला परत पाठवलं नाही. आणि ज्या रविवारी ते गाणंही निघणार नाही त्या दिवशी ८८ वं स्तोत्र वाचा, ते अंधारातच संपतं, शेवटी उजेड पडत नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या लपवत नाही. ज्या मंडळ्यांत भविष्यवाणीचं दान मानतात आणि वापरतात तिथे "प्रभूने दाखवलं" हे रोजचं वाक्य असतं, आणि देव आजही बोलतो हे मी नाकारत नाही, मी स्वतः अनुभवलंय. पण पहिल्या करिंथच्या १४ व्या अध्यायातच लिहिलंय की दोघातिघांनी बोलावं आणि इतरांनी पारख करावी. म्हणजे पारख हा त्या दानाचाच भाग आहे, पारख नको असेल तर ते बोलणं त्या अध्यायात बसत नाही. मरणाच्या बिछान्यावरच्या माणसाशी बोलताना सगळं खरं एकाच वेळी सांगायचं नसतं, त्याने विचारलं तेवढं आणि त्याला झेपेल तेवढं सांगायचं, फक्त जे सांगू ते खोटं नसावं. आता मी तिथे असं म्हणतो, "मी तुम्ही बरे व्हावं म्हणून मागतोय. व्हाल का ते मला माहीत नाही. देव ऐकतो यावर माझा विश्वास आहे, आणि मी उद्या परत येणार आहे." शेवटचं वाक्य मी पाळतोच.

आणि लहान मुलं. "देवाला चांगली माणसं हवी असतात म्हणून आजोबांना नेलं" हे कृपा करून कुणी सांगू नका. एका घरी सहा वर्षांच्या मुलीने रात्रीच्या प्रार्थनेत आईचं नाव घेणं बंद केलं होतं. खूप विचारल्यावर म्हणाली, देवाचं आईकडे लक्ष जायला नको. मोठ्यांनी एक गोड वाक्य बोलून सोडून दिलं होतं आणि ती रोज रात्री आईला देवापासून लपवत होती.

तर आतापर्यंतचं सगळं धरून, रविवारचं. तुम्हाला उभं राहायचं नसेल तर नाही म्हणा, पाळकांना सरळ सांगा की शांती या विषयावर बोलण्यासारखं अजून माझ्याकडे काही नाही. उभं राहायचं असेल तर विषय बदलून मागा. मी तुमच्या जागी असतो तर एवढंच बोललो असतो: "बाबांसाठी आपण सगळ्यांनी मागितलं. ते बरे झाले नाहीत. का, ते मला माहीत नाही. मला अजून शांती नाहीये, बऱ्याच रात्री मी देवावर चिडलेली असते. पण मी अजून त्याच्याशीच बोलतेय. बाबा ज्या पुनरुत्थानाच्या आशेवर गेले त्यावर माझा विश्वास आहे, काही दिवशी घट्ट आणि काही दिवशी कसाबसा. माझ्यासाठी प्रार्थना करा." मिनिटभरात होतं. तुमच्या पत्रातूनच हे घेतलंय, जे तुमचं नसेल ते वाक्य काढून टाका, अगदी पुनरुत्थानाचं असलं तरी, ते आज तुम्हाला म्हणता येत नसेल तर मंडळी ते विश्वासांगीकारात, म्हणजे उपासनेत सगळे मिळून आपला विश्वास म्हणतात तेव्हा, तुमच्या वतीने म्हणेलच. काहींना ही साक्ष अपुरी वाटेल, कुणीतरी नंतर येऊन सुधारून पण जाईल, ते होऊ द्या.

ज्यांनी "बरे होणार" सांगितलं होतं त्यांच्याशी भांडायची गरज नाही आणि माफ केल्यासारखं दाखवायचीही नाही. त्यातल्या एखाद्याशी जवळीक असेल तर शांतपणे एवढंच विचारा, "तुम्ही तेव्हा प्रभूने सांगितलं म्हणालात, आता त्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?" आणि थांबा. मला हे कुणी पहिल्या महिन्यात विचारलं असतं तर मी कदाचित तेव्हाच त्या बाईंकडे गेलो असतो. कदाचित चिडलोही असतो, सांगता येत नाही. समोरचा चिडला तर ते तुमच्यावर घेऊ नका.

मैत्रिणीला मात्र रविवारच्या आधी फोन करा. लांबलचक काही नको. "त्या दिवशी मी योजनेचं बोलले, ते मला माहीत नव्हतं, उगाच बोलले. मला खूप वाईट वाटलंय तुझ्या बाळाचं. तू कशी आहेस?" एवढं बोला आणि मग तिला बोलू द्या. बाळाचं काही नाव ठरवलं होतं का, हे विचारावंसं वाटलं तर विचारा, फार कमी लोक विचारतात. ती कदाचित रडेल, कदाचित काहीच न बोलता फोन ठेवेल. ठेवला तर चार दिवसांनी परत करा.